सोडण्याचं कारण

१८ ऑगस्ट, सोमवार

विश्वजीतला बैलाने लाथ मारली. नडगीचे दोन तुकडे. नांदेडला रॉड टाकून आणलं, आता हिंगोलीत घरी पाय उशीवर ठेवून पडलाय. जनावरांचा डॉक्टर जनावराचीच लाथ खाऊन पडला म्हणून भेटायला येणारे हसून घेतात, तोही हसतो. मी संत्री घेऊन गेले होते. येताना त्याच्या कुत्र्यांच्या शेडची किल्ली घेऊन आले. हो कशी म्हणाले, अजून कळत नाही.

“आत्या, सहा आठवडे फक्त. कुबड्या सुटेपर्यंत. तू चौतीस वर्षं वॉर्ड सांभाळलेस.”

“माणसांचे.”

“मग हे सोपं जाईल तुला.”

मे महिन्यात नर्सच्या नोकरीतून रिटायर झाले तेव्हा ठरवलं होतं, आता सकाळची पहिली जीप पकडायची नाही. आणि मला कुत्र्यांची भीती वाटते. कुत्रं चावल्याची इतकी इंजेक्शनं दिलीत मी, की हा प्राणी मला फक्त जखमेच्या बाजूनेच माहीत आहे.

१९ ऑगस्ट, मंगळवार

हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या अलीकडे, रस्त्यापासून आत, एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये हे सगळं आहे. वीस कुत्र्यांची जागा. मोजली तर त्रेचाळीस. एका जाळीत तीन-तीन. आवाज असा की कानात बोटं घालून उभी राहिले.

मला वाटलं होतं रस्त्यावरची, खरजेची, लंगडी असतील. तसं एकही नाही. लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड, पग, रॉटवायलर, ठिपक्यांचं एक डाल्मेशियन, आणि बर्फातली म्हणतात ती हस्कीसुद्धा. जातिवंत म्हणून मिरवत आणलेली. स्वयंपाक करणाऱ्या भागाबाई चुलीवर भात आणि कोंबडीचे पाय शिजवत होत्या. त्यांच्या घरी मेंढरं आहेत.

“बाई, गावठी एकबी न्हाई का?” मी विचारलं.

“गावठ्याला कोण सोडायलं? डाक्टर त्याला सुई टोचतेत, आपरेशन करतेत, अन् जिथून आणलं तिथं नेऊन सोडतेत. ते आपल्या गल्लीत मोकळं. ही बड्या घरची लेकरं. ह्यास्नीच घर न्हाई.”

दिवसभर मी हातात काठी धरून होते. एक म्हातारी लॅब्राडोर कुत्री, पट्ट्यावर नाव राणी, माझ्या मागेमागे फिरत राहिली. पंधरा दिवसांपूर्वी पहाटे कोणीतरी हिला शेडच्या फाटकाला बांधून निघून गेलं. तिची आचळं पार लोंबलेली. बाळंतपणं करून करून थकलेल्या बायका मी पाहिल्यात. काठी मी तिच्यावर उगारली नाही. बाकी काही नाही.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा.

सणाच्या दिवशीच नोटीस आली. ग्रामसेवक कागद घेऊन आले, सोबत तक्रारदार. तक्रारदार कोण, तर संपतराव, भागाबाईंचे मालक! बायको आत भात शिजवतेय आणि नवरा फाटकात नोटीस देतोय.

“तुमच्या भुंकण्यानं माझ्या दोन मेंढ्या गाभडल्या बाई. त्यास्नीबी जीव हाय न.”

खोटं नव्हतं, गर्भ पडले होते. मी मान खाली घातली. दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेपर्यंत कुत्री वीसवर आणायची. नाही आणली तर शेड बंद. बंद म्हणजे या त्रेचाळिसांचं काय, ते कागदावर लिहिलेलं नाही.

संध्याकाळी स्वानंदने पुण्याहून व्हिडिओ कॉल केला. अनुश्रीने पुरणपोळी केली होती, दाखवली. त्यांचा बीगल, कुकी, दिसला नाही. “ग्रूमिंगला दिलाय,” म्हणाला. केवढी हौस या पोरांना! मी माझ्या त्रेचाळिसांचं सांगितलं तेव्हा तो लगेच मी नीट जेवते का ते विचारायला लागला. आईची काळजी वाटली असेल.

२५ ऑगस्ट, सोमवार

वॉर्डमध्ये पेशंट आला की आधी केसपेपर. इथे एकाही कुत्र्याचा कागद नाही. विश्वजीतकडे फक्त सोडून जाणाऱ्यांचे फोन नंबर आहेत, तेही बिलांच्या पाठीवर. आज प्रत्येकाचा कागद केला. नाव, वय, कुठून आणलं, कोणी ठरवलं, खायला कोण घालायचं, दिवसा घरी कोण असायचं, घेताना काय सांगितलं होतं, आणि शेवटी सोडण्याचं कारण. उद्यापासून फोन.

३० ऑगस्ट, शनिवार

तेहेतीस जणांनी फोन उचलला. पहिल्या दिवशी मी चिडून बोलत होते. तिसऱ्या दिवसापर्यंत चीड ओसरली. ही माणसं वाईट नाहीत. सहा जण फोनवर रडले. एका बँकवाल्या साहेबांनी तर विचारलं, “अजून उजव्या कुशीवरच झोपतो का हो?”

कारणं लिहून घेतली ती अशी. बदली झाली, नव्या घरमालकाला कुत्रं चालत नाही. सून बाळंत झाली, सासूबाई म्हणाल्या घरात केस नकोत. उन्हाळ्यात हस्की सारखी धापा टाकायची, बघवेना. लॅब्राडोर राखणीला आणला, तर चोरासमोरही शेपूट हलवायला लागला. वाढदिवसाला मुलीला पिल्लू दिलं, सहा महिन्यांत ते तिच्यापेक्षा मोठं झालं आणि ती घाबरायला लागली. लग्नाच्या फोटोसाठी जोडी आणली होती, लग्न झालं. एकजण म्हणाला, पिल्लं होईनात आता.

रात्री कागद पसरून बसले तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. तेहेतीसपैकी एकोणतीस जणांनी पिल्लू ज्या दिवशी पाहिलं, त्याच दिवशी घरी नेलं. आणि खायला घालणारं माणूस घरात जे होतं, त्याला एकानेही आधी विचारलं नव्हतं.

अजून एक. सतरा कागदांवर विकणाऱ्याचं नाव एकच आहे. हिंगोलीचा हरिचंद.

३ सप्टेंबर, बुधवार

डाल्मेशियनच्या कागदावर कारण आहे, “अजिबात ऐकत नाही. मारलं तरी ऐकत नाही.” आज भागाबाईंच्या हातून स्टीलची परात त्याच्या मागेच पडली. सगळं शेड उसळलं. हा पाठमोरा बसलेला, मान वळवली नाही. मी परत त्याच्या मागे जाऊन थाळीवर उलथनं वाजवलं. काही नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळांची तपासणी करायचे तसं डावीकडून, उजवीकडून टाळी वाजवली. काही नाही.

तो बहिरा आहे. जन्मापासून असणार. विश्वजीत फोनवर म्हणाला, “आत्या, या जातीत असतं हे. पांढऱ्या रंगासाठी जुळवत जुळवत कान घालवले. माझ्या लक्षात कसं आलं नाही!” आणि पोरगा दीड वर्षं न ऐकण्यासाठी मार खात राहिला.

मी पहिल्यांदाच जाळीच्या आत गेले. काठी बाहेर राहिली होती, ते नंतर लक्षात आलं.

स्वानंदचा फोन. कुकी ट्रेनिंगला गेलाय म्हणे, महिनाभर. हे शहरात चांगलं असतं.

९ सप्टेंबर, मंगळवार

आज दिवस लिहिण्यासारखा.

कागद उलटे वाचायला लागले. म्हणजे कुत्र्याचा स्वभाव आधी, घर नंतर. पग दिवसातले सोळा तास झोपतो, घोरतो, त्याला उन्हात पळवत नाही. असं दिवसभर एका जागी बसणारं माणूस कोण? औंढ्याच्या नागनाथ मंदिरापाशी बेल-फुलांचं दुकान लावणाऱ्या द्वारकाबाई. माझ्या हातची त्यांची दोन बाळंतपणं. त्यांना मी चार दिवस विचार करायला लावला, सुनेशी बोलले, मग पग घेऊन गेले. दुकानाच्या फळीखाली त्याने एक गिरकी घेतली आणि आडवा झाला. द्वारकाबाई म्हणाल्या, “हे तर माझ्या वयाचंच हाय.”

शेपूट हलवणारा लॅब्राडोर सेनगावच्या एका अकरा माणसांच्या घरात गेला. राखण नकोच आहे त्यांना, घरात कायम कोणीतरी जागं असतं. एक शेफर्ड माजी सैनिकाकडे गेला, तो रोज पहाटे पाच किलोमीटर चालतो.

एका हॉटेलवाल्याने गाडी घेऊन येऊन रॉटवायलर मागितला. “गेटवर साखळीला बांधायचाय, लोकांना जरब बसली पाहिजे.” नाही म्हटलं. तो कोणाकोणाची नावं सांगून गेला. तरी नाहीच म्हटलं.

आठवड्यात सहा गेली. आणि याच आठवड्यात चार नवी आली. त्यातली तीन हरिचंदकडची. इथून कितीही उपसलं, तरी तिकडून भरतच राहणार.

१४ सप्टेंबर, रविवार

संपतराव परत आले. मला वाटलं तक्रार. ते डाल्मेशियनच्या जाळीपुढे उभे राहिले.

“भागी म्हणते हे बहिरं हाय. खरं व्हय?”

“व्हय.”

त्यांनी हात वर करून पंजा खाली दाबला, मेंढरांमागच्या कुत्र्याला लांबून बसायला सांगतात तसा. डाल्मेशियनने डोकं वाकडं करून पाहिलं. दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा तो बसला. संपतराव तासभर तिथेच होते. जाताना म्हणाले, “काहून मारलं असंल ह्याला. नुसता हात तर दावायचा व्हता.”

त्यानंतर ते रोज येतात. रोज म्हणतात, बायकोला न्यायला आलो.

२० सप्टेंबर, शनिवार

आकडा एकतीसवर आणला याचा आनंद होता. दुपारी मदत मागता यावी म्हणून विश्वजीतने मला राज्यभरच्या शेडवाल्यांच्या ग्रुपमध्ये घातलं. सगळीकडे हीच गर्दी. पुण्याच्या एका शेडने नव्या आलेल्यांचे फोटो टाकले होते, “आमच्याकडे जागा नाही, कोणी घेईल का?” सातव्या फोटोत बीगल. डावा कान खालून फाटलेला. तो कान गेल्या दिवाळीत दारात अडकून फाटला तेव्हा मीच टाके पडेपर्यंत धरून बसले होते, डोळे मिटून.

कुकी.

खाली तारीख. एकोणीस ऑगस्टला आणून सोडला.

फोटो मोठा करून कान पुन्हा पाहिला. मग स्वानंदला लावला. ओरडायचं ठरवलं होतं, पण तोंडातून निघाले ते केसपेपरचेच प्रश्न. कोणी ठरवलं? “मी.” घेण्याआधी किती दिवस विचार केला? “मॉलमध्ये दिसला, आई.” दिवसा घरी कोण? “दोघंही ऑफिसला.” सोडण्याचं कारण?

“तो दिवसभर रडायचा. सोसायटीने तीन पत्रं दिली. तुला सांगणार होतो, पण तू त्या शेडमध्ये गेलीस आणि मग कसं सांगू?”

तेहेतीस लोकांना मी समजून घेतलं. चौतिसाव्याला घ्यायला फार जड गेलं. “त्याला घेऊन ये,” म्हटलं आणि ठेवला.

२१ सप्टेंबर, रविवार

स्वानंद अकरा तास गाडी चालवून आला. अनुश्री बरोबर होती. कुकी हडकलाय. शेडमध्ये उतरला आणि बाकीच्यांचा वास घेत रांगेने सगळ्या जाळ्या फिरला, मग माझ्या चपलेवर हनुवटी ठेवून बसला.

मी स्वानंदपुढे कोरा कागद ठेवला. त्याने स्वतःच्या अक्षरात सगळं भरलं. अनुश्री म्हणाली, “आई, आम्ही घेऊन जातो परत. चूक झाली.” मी विचारलं, “दिवसा घरी कोण असेल?” स्वानंदने त्याच्याच कागदावरचं ‘कोणी नाही’ दाखवलं. मग नाही, म्हटलं. आपल्याच पोराला नाही म्हणणं हॉटेलवाल्याला म्हणण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं.

कुकी तात्पुरता माझ्याकडे हिंगोलीला. चांगलं घर मिळेपर्यंत. जीपवाल्याने मांडीवर बसवून आणायला परवानगी दिली.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

हे सावकाश लिहिते, कारण विसरायचं नाही.

रामलीला मैदानावर दसऱ्याचं प्रदर्शन. पावसाने चिखल झालेला, वाटेवर फळ्या टाकलेल्या. विश्वजीतच्या मित्राने त्याच्या पशुखाद्याच्या स्टॉलमध्ये मला एक टेबल दिलं. बरोबर समोर हरिचंदचा स्टॉल. काचेच्या पेट्या, आत दिवे, दिव्यांखाली कापसाच्या गोळ्यांसारखी पिल्लं. लोकांची झुंबड.

मी टेबलावर केसपेपर लावले, माणसांची नावं झाकून. शेजारी हस्की आणि राणी. पाटीवर लिहिलं, “पिल्लू मोठं झाल्यावर असं दिसतं. घेण्याआधी दोन मिनिटं बोला.” पहिला तासभर कोणी फिरकलं नाही. मग एक बाई पिल्लू बघून इकडे आली, हस्कीच्या केसांत हात घातला आणि म्हणाली, “एवढे केस? रोज कोण विंचरणार?” ती परत हरिचंदकडे गेली नाही. मग दुसरी. कागद वाचायला रांग लागली. माणसं आपल्याच घराची कारणं तिथे वाचत होती. एक नवरा-बायको तिथेच भांडले, आणि शेवटी नवरा म्हणाला, “बराबर हाय तुझं, खायला तर तुलाच घालावं लागंल.”

पाच वाजता हरिचंद तणतणत आला. चाळिशीचा, गळ्यात मफलर. “सिस्टर, काहून माझ्या धंद्यावर उठलात? मी काय चोरी करून राहिलो का?”

माझं उत्तर तयार होतं. त्याची गरज पडली नाही. राणी उठली. एवढ्या दिवसांत मी तिला पळताना पाहिलं नव्हतं. तिने माझ्या हाताला हिसका दिला, टेबलाखालून निघाली आणि हरिचंदच्या गुडघ्यांवर पुढचे दोन्ही पाय टेकवून उभी राहिली. सगळं अंग हलत होतं तिचं. तोंडातून लहान पोरासारखा आवाज.

हरिचंद मागे सरला. “हिला मी ओळखत न्हाई,” म्हणाला.

पिल्लू घ्यायला आलेली एक नऊ-दहा वर्षांची मुलगी तिथे उभी होती. तिने अगदी साधेपणाने विचारलं, “काका, मग ती तुम्हाला कशी ओळखते?”

हरिचंदने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा राणीकडे. तिच्या डोक्यावर हात ठेवला, लगेच काढला, आणि स्टॉलमध्ये जाऊन काचेच्या पेट्यांवर पडदा ओढला.

मी जिंकले होते. पण राणी पडद्याकडे तोंड करून बसून राहिली, आणि तिला उठवून आणताना मला जिंकल्यासारखं वाटेना.

४ ऑक्टोबर, शनिवार

प्रदर्शनात नाव दिलेल्या चाळीस घरांपैकी सव्वीस घरी जाऊन आले. बारा घरं पास. चौदांना सध्या नको म्हणून सांगितलं, त्यातले नऊ “बरं झालं सांगितलं” म्हणाले. संपतरावांनी कागद भरून घेतला. अंगठा नाही, सही केली, आणि डाल्मेशियनला घेऊन गेले.

आज शेडमध्ये एकोणीस आहेत. एकोणीस! प्रत्येकाला आपली जाळी. दुपारी भागाबाई आणि मी चहा प्यायला बसलो आणि एकमेकींचं बोलणं ऐकू आलं. चारच दिवसांवर ग्रामसभा. विश्वजीत कुबड्यांवर येऊन बघून गेला, रडला वेडा.

५ ऑक्टोबर, रविवार

सकाळी टेम्पो आला. हरिचंद उतरला. मागे सहा कुत्र्या. सगळ्या राणीसारख्याच, पार झिजलेल्या.

“पिल्लं दुसऱ्या धंदेवाल्याला इकली न्हाईत, सिस्टर. घरीच हायेत, तुमी सांगताल तिथं देतो. पण ह्यास्नी ठेवायला मला तोंड न्हाई.” मग खाली बघत म्हणाला, “राणी माझं पहिलं कुत्रं. लगीन झालं तवा सासऱ्यानं देलती. पहिली आठ पिल्लं झाली, लोकं दारात उभी. मला वाटलं देवानं वाट दाखवली. कवा थांबायचं ते कळलं न्हाई.”

फाटकाला बांधून गेलेला तोच होता.

एकोणीस आणि सहा, पंचवीस. तीन दिवसांनी ग्रामसभा. परत पाठवल्या तर कुठल्या रस्त्यावर सुटतील हे मला माहीत होतं. फाटकात उभं राहून मी विश्वजीतला फोन लावला, उचलला नाही. भागाबाई म्हणाल्या, “इचारता कोणाला? किल्ली तुमच्याकडं हाय.”

फाटक उघडलं. हरिचंदने सहा कागद भरले. मोबाइलमधून ज्यांना पिल्लं विकली त्या सगळ्यांचे नंबरही दिले. राणीजवळ तो बराच वेळ बसला. तिने रागावलेलं दाखवलं नाही. मी तिच्या जागी असते तर दाखवलं असतं.

८ ऑक्टोबर, बुधवार

ग्रामसभा. मारुतीच्या पारासमोर दीडशे माणूस. सरपंच ज्योतीताईंनी विचारलं, “सिस्टर, किती आहेत?”

सहा कुठेतरी हलवून एकोणीस सांगता आले असते. विश्वजीतने तसं सुचवलंही होतं. मी उभी राहिले आणि पंचवीस म्हणाले. कुजबुज झाली. मग मी पिशवीतून एकच कागद काढला आणि वाचला. मॉलमध्ये दिसला. त्याच दिवशी घेतला. दिवसा घरी कोणी नाही. रडतो म्हणून सोडला. “हा कागद माझ्या मुलाचा आहे,” म्हटलं. “मी तुम्हाला शिकवायला आले नाही. माझ्याच घरातलं मला महिनाभर दिसलं नाही. पण त्रेचाळीस आणि नंतर आलेली, यातली कितीतरी घरी गेली, आणि गेलेलं एकही परत आलेलं नाही. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या.”

मागून कोणीतरी ओरडलं, “तक्रारदार काय म्हणतो?”

संपतराव उठले. डाल्मेशियन त्यांच्या पायाशी. त्यांनी पंजा खाली दाबला, तो बसला.

“तक्रार माझी व्हती अन् खरी व्हती. आता आवाज निम्म्याच्या खाली आला, मेंढरं गप झोपतेत. सिस्टरनं बोलली तेवढं केलं. अन् हे बघा, ह्याला सगळे बिघडलेलं म्हणत व्हते. माझ्या भागीपरीस बरं ऐकतंय.”

“घरी या मग सांगते!” भागाबाई बायकांतून ओरडल्या, आणि सगळी सभा हसली.

ठराव झाला. दिवाळीपर्यंत मुदत, त्यानंतरही शेड चालू, वीसच्या आत. वर झालेले हात मोजता येईनात. सभा सुटल्यावर पाच-सहा जण लगेच कुत्रं मागायला आले. “आज नाही,” म्हटलं. “घरी बोला, मग या.” बाहेर पडताना मारुतीपुढे हात जोडले. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी असे हात कधी वर झाले नव्हते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वेळ नाही लिहायला. हरिचंदच्या नंबरांवर एकवीस फोन केले. सात जण सोडायच्याच विचारात होते. एकाला फक्त कुत्र्याला दिवसा सावलीत लांब दोरीला बांधायचं कसं ते सांगितलं, प्रश्न मिटला. एकीला वाटत होतं चावरं झालंय, विश्वजीतने पाहिलं तर दाढ किडलेली. सातातली सहा घरीच राहिली, सातवं थेट त्यांच्या शेजाऱ्याकडे गेलं.

सहा म्हाताऱ्यांपैकी चौघी गेल्या. राणीलाही एक शिक्षक न्यायला आले होते. चांगलं घर होतं. मी त्यांना दुसरी दाखवली. राणीचं वय झालंय, प्रवास झेपायचा नाही.

विश्वजीतच्या कुबड्या सुटल्या. किल्ली द्यायची राहूनच गेली, कुकीसाठी घर शोधायचंही.

२६ ऑक्टोबर, रविवार

शेडमध्ये सतरा. एकवीस दिवसांत हरिचंदचं म्हणून एकही कुत्रं आलेलं नाही.

सकाळी अकराला अनोळखी नंबर. सेनगावचे कोणी गृहस्थ, आवाजात संकोच.

“सिस्टर, तुमचा नंबर प्रदर्शनात घेतलता. पोरीला हस्की पाह्यजे. नांदेडला एकाकडं हाय, आजच घेऊन जा म्हणून राहिला. म्हणलं आधी तुमाला इचारावं.”

मी खुर्ची ओढून बसले. “विचारा की. दिवसा घरी कोण असतं?”

“मी दुकानात. मंडळी शाळंत शिकवती. पोरगी ट्यूशनला.”

“उन्हाळ्यात पत्रे तापतात का घराचे?”

“लई तापतेत.”

“खायला कोण घालणार? त्यांना विचारलंत?”

पलीकडे फोन कोणाच्या तरी हातात गेला. त्यांच्या बायकोचा आवाज आला, “सिस्टर, मला आज पहिल्यांदा कोणीतरी इचारलं.” मग बराच वेळ तिघांची आपसात बोलणी. मुलगी रडली, थांबली. शेवटी ते परत आले.

“न्हाई घेत आमी. सध्या तरी न्हाई. तकलीफ दिली तुमाला.”

“मुलीला पुढच्या रविवारी इकडे घेऊन या,” म्हटलं. “सतरा आहेत. आंघोळी घालायला माणूस कमी पडतं.”

“येतो की! येतोच!”

फोन ठेवून मी चुलीकडे गेले. भागाबाई भाताला वाफ आणत होत्या. मी इतकी हसत होते की त्यांनी डाव खाली ठेवला.

“काय झालं? कुत्रं गेलं का एखादं?”

“नाही. एक यायचं होतं ते आलं नाही.”

“कोणतं?”

“कोणतं कसं सांगू? आता ते कधीच येणार नाही.”

त्यांना क्षणभर समजलं नाही. मग समजलं. आम्ही दोघी त्या चुलीपुढे इतक्या हसलो, की सतराच्या सतरा जाळीला नाक लावून उभी राहिली.